उचल फिटेपर्यंत कोयता बांधलेला

महोदय,

निपाणी तालुक्यात माझा अडीच एकर ऊस आहे. यंदा तोडीला बीडकडची टोळी होती, मुकादमाकडून म्हणजे मजूर आणणाऱ्या ठेकेदाराकडून उचल (आगाऊ पैसे) घेऊन आलेली. फडात चहा घेऊन गेलो, तर एक बाई म्हणाली, ‘गेल्या सालची उचल फिटली नाही, म्हणून याच मुकादमाकडं परत यावं लागलं.’ नवरा खोपीत तापानं फणफणलेला. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, त्यामुळं खाडा दोघांच्या नावावर. मागच्या उचलीचा कागद? मुकादमाच्या वहीत.

कारखान्याच्या शेतकी खात्यात विचारलं तर उत्तर मिळालं, ‘आमचा करार ठेकेदाराशी, मजूर त्याचे.’ उसाच्या वजनाची पावती मात्र कारखान्याच्या नावाची असते!

१९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यानं माणसाला बांधून ठेवणारी कर्जं रद्द झाली. जिल्हा आणि उपविभागात दक्षता समित्या नेमायचं त्यातच लिहिलंय. आमच्या फडापर्यंत त्यातलं कुणी आलेलं मी पाहिलं नाही. शेअर बाजारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सेबीनं २०२२-२३ पासून बाजारातल्या मोठ्या १००० कंपन्यांना सामाजिक-पर्यावरणीय जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला, त्यात सक्तीच्या मजुरीचाही प्रश्न आहे. साखर घेणाऱ्या बिस्किट-शीतपेयवाल्यांनी तो प्रश्न ठेकेदाराच्या वहीपर्यंत न्यावा.

कारखान्यानं प्रत्येक कोयत्याला उचल, तोडलेले टन आणि बाकी लिहिलेलं कार्ड द्यावं, तेही मराठीत. गेटवरचा मजुरांच्या हक्कांचा फलक कन्नडात आहे, आणि टोळीतल्या एकालाही कन्नड वाचता येत नाही.

– एक ऊस उत्पादक, ता. निपाणी, जि. बेळगाव