माकड हसत नव्हतं, संपादक महोदय

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातली 'सोसायटीत अवतरले मर्कटराज' ही बातमी वाचली. वाचली म्हणजे शोधून काढली, कारण पहिली दोन पानं बिल्डरच्या जाहिरातीची होती. 'राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीत तुमचं घर', गॅलरीत चहाचा कप घेऊन उभं जोडपं, मागे हिरवागार डोंगर. पाचव्या पानावर त्याच डोंगराच्या पायथ्याच्या दुसऱ्या एका गॅलरीत निसर्ग खरोखरच येऊन बसला, तर 'रहिवासी भयभीत'. कुशीत जायची हौस आपल्याला, आणि कूस ज्याची आहे तो घुसखोर! असो. जाहिरातींवर तुमचं पोट आहे, हे मी समजू शकते.

पण बातमीचं काय? मजकुरात लाल तोंडाचं माकड आणि वर 'संग्रहित छायाचित्र' काळ्या तोंडाच्या वानराचं. वार्ताहरांना दोन्ही सारखीच वाटत असतील, पण मूळच्या कोकणातल्या कुठल्याही वाचकाला विचारा, माकड कोणतं आणि वानर कोणतं ते तो झोपेतही सांगेल. वानर प्रामुख्याने पाला खाणारं. गुरांसारखं त्याचं पोट कप्प्याकप्प्यांचं असतं आणि त्यात पाला आंबवून पचवला जातो. लाल तोंडाचं माकड मिळेल ते खातं आणि गालातल्या पिशव्यांत कोंबून पळतं, नंतर सवडीने चघळतं. तुमच्या बातमीत कचऱ्याच्या डब्याची जी नासधूस सांगितली आहे ती या दुसऱ्याची. फोटोतल्या बिचाऱ्या वानराचा तिच्याशी काहीही संबंध नाही.

दुसरा फोटो कोणा रहिवाशाने मोबाइलवर काढलेला. त्यात प्राणी बरोबर आहे: डोक्यावर मधोमध भांग पाडल्यासारखे केस आणि शेपूट अंगाहून लांब. हे आपल्या दख्खनचं, भारतीय द्वीपकल्पाबाहेर जगात कुठेही न सापडणारं माकड, इंग्रजीत 'बॉनेट मकाक'. धोक्यातल्या प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत ते 'असुरक्षित' गटात गेलेलं आहे, हे तुमच्या बातमीत कुठे नाही. पण फोटोखाली काय छापलंय? 'पाहुण्याने कॅमेऱ्याकडे पाहून दिले झकास हास्य'. अहो, ते हास्य नव्हे. ओठ मागे खेचून दोन्ही बाजूंचे दात दाखवणं म्हणजे घाबरलोय, मला सोडा, मी माघार घेतो. आणि टक लावून बघत, तोंडाचा आ करून, भुवया वर ताणून बघितलं की ती धमकी. माणसांचं नेमकं उलटं होतं. मोबाइल समोर धरून, डोळ्यांत डोळे घालून, दात काढून हसत आपण उभे राहतो. त्याच्या भाषेत टक लावणं ही सरळ धमकी, आणि दातांचं काय करायचं ते त्या बिचाऱ्याने ठरवायचं. मग तो धावून आला की बातमीचं शीर्षक 'माकडाचा हल्ला'.

एवढ्यावर मी पत्र लिहायला बसले नसते. बातमीतल्या चौकटीत कोणी 'जाणकार' सांगतात की टोळीच्या म्होरक्याला पकडून नेलं की बाकीची टोळी आपोआप निघून जाते. हे जाणकार कोण? नाव नाही, गाव नाही. माकडांच्या टोळीत कायम राहतात त्या माद्या. आई, तिच्या मुली, मावश्या, नाती. कोणाचा मान किती, हेही आईवरून ठरतं. नर बाहेरून येतात आणि जातात. वयात आलेला नर बहुधा जन्माची टोळी सोडतो आणि दुसरी मिळेपर्यंत काही काळ एकटा भटकतो. मुंबईच्या गच्चीवर एकटंच दिसणारं माकड बहुतेक वेळा हेच असतं: घर सोडलेला, अजून दुसरं घर न मिळालेला जवान नर. तो म्होरक्या नाही, त्याच्यामागे कोणी टोळी नाही आणि त्याच्या नावावर कुठलं राज्यही नाही.

आणि वानरांच्या बाबतीत तर हा सल्ला क्रूर आहे. 1960 च्या दशकात युकिमारू सुगियामा नावाच्या जपानी संशोधकाने आपल्या शेजारच्या धारवाडजवळ वानरांच्या टोळ्यांचा अभ्यास केला. एका टोळीतला एकमेव प्रौढ नर त्याने मुद्दाम काढून घेतला, काय होतं ते बघायला. टोळी कुठेही गेली नाही. दुसरा नर आला, त्याने टोळी ताब्यात घेतली आणि अंगावर पिणारी पिल्लं मारली. पिल्लू गेलं की मादी लवकर माजावर येते आणि नव्या नराची पिल्लं लवकर जन्मतात, असा अर्थ पुढे अमेरिकन संशोधक सारा हर्डी यांनी अबूच्या पहाडावरच्या वानरांवरून लावला. त्यावर शास्त्रज्ञांत पुष्कळ वादही झाले. वाद काहीही असोत, नर नेला की माद्या-पिल्लांसह टोळी सामान बांधून निघून जाते, असं धारवाडला झालं नाही, हे मात्र नक्की.

आता मी हे इतकं रागाने का लिहिते, तर आमच्या सोसायटीत हाच प्रकार झाला आणि मी त्या सोसायटीची खजिनदार आहे. मुलुंडला, डोंगराच्या अगदी पायथ्याशी. पावसाळ्याच्या शेवटी एक नर आला आणि पाण्याच्या टाकीवर मुक्काम टाकला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी पहिल्या शनिवारी दोन केळी ठेवली, मारुतीचा वार म्हणून. दुसऱ्या शनिवारी ग्लुकोजचा पुडा. तिसऱ्या शनिवारपर्यंत पाहुणा रोजचा झाला होता, आणि काकू गॅलरीत नसल्या की खिडकीच्या जाळीला हिसडे देत होता. त्याला वार कळत नाहीत, गॅलरी कळते. पाचव्या मजल्यावरच्यांचा चिवड्याचा डबा गेला आणि विशेष सभा भरली.

सभेत मी म्हटलं, महिनाभर एक घासही कोणी देऊ नका, कचरा झाकून ठेवा, तो पुढे जाईल. सेक्रेटरी म्हणाले, मॅडम, तुम्ही हिशेब बघा. आणि वनखात्याच्या 1926 या नंबरवर फोन करण्याऐवजी कोणाच्या तरी ओळखीचा पकडणारा बोलावला. वन्यजीव कायद्याखाली संरक्षण असलेला प्राणी असा परस्पर पकडता येत नाही, हे मी सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या म्हटलं. इतिवृत्त टाइप होऊन आलं तेव्हा ते वाक्य गळलं होतं.

पिंजरा पार्किंगमध्ये ठेवला. आत शेंगदाणे. दुपारी दार पडलं. मी खाली गेले तेव्हा तो पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्याला पाठ घासत बसला होता, एका हाताने स्वतःचीच शेपूट घट्ट धरून. पोरं जाळीला नाक लावून उभी. त्याने दात दाखवले आणि सगळी ओरडली, "हसतोय, हसतोय!" तुमच्या फोटोखालची ओळ मी तिथे आधीच ऐकलेली आहे. एका आजोबांनी त्याला "सलाम कर" म्हणून फर्मावलं. त्यांच्या लहानपणी मदाऱ्याचं माकड करायचं ना. ते सलाम काठीच्या आणि उपासमारीच्या जोरावर शिकवलेले असायचे. म्हणून तर 1998 पासून माकडांचे खेळ करायला कायद्याने बंदी आहे.

पैसे रोख दिले. मी पावती मागितली, तर नाही. बरं, सोडणार कुठे? "जंगलात." कुठल्या जंगलात? "येऊरला सोडू." येऊरच्या जंगलात म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी टोळीच्या हद्दीत, अनोळखी नर, खायचं कुठे मिळतं ते ठाऊक नाही, अंग खाजवून द्यायलाही कोणी नाही. माकडांत ते अंग साफ करून देणं म्हणजे नुसत्या उवा काढणं नव्हे, दोस्ती आणि भांडणानंतरचा समेट त्यावरच चालतो. बरं, तो येऊरला तरी पोचला का, कोणास ठाऊक. उत्तरेकडची आखूड शेपटीची ऱ्हीसस माकडं आज दक्षिणेकडे सरकत आहेत आणि आपल्या या माकडाचा मुलूख आकसतो आहे. त्याला आपली ही इथून उचल तिथे सोड करण्याची सवयही कारणीभूत आहे. तुमच्या बातमीचा शेवट मात्र गोड: 'मर्कटराजांची अखेर जंगलात रवानगी, रहिवाशांनी सोडला सुटकेचा निःश्वास'.

आमच्याही रहिवाशांनी सोडला होता. दिवाळीनंतर दुसरा नर आला. त्याच टाकीवर. काकूंची केळी चालूच होती, कचऱ्याचे डबे उघडेच होते. जागा रिकामी केली तर भाडेकरू येणारच. हिशेबात पहिल्या खेपेचा खर्च मी 'माकड पकडणे' असा लिहिला होता. ऑडिटला जायच्या आधी तो 'इतर देखभाल' झाला. आता दुसऱ्या खेपेच्या खर्चाला मंजुरी द्या म्हणून माझ्यामागे लागले आहेत.

कोकणातल्या बागायतदाराची गोष्ट वेगळी आहे. त्याचं वर्षाचं पीक जातं, त्याने काय करावं हे मुलुंडला बसून सांगणारी मी कोण? पण शहरातल्या चिवड्याच्या डब्याला तुम्ही त्याच पंक्तीला बसवू नका. आणि 'सूड', 'टोळीयुद्ध' हे शब्द तरी जरा जपून वापरा. डिसेंबर 2021 मध्ये बीड जिल्ह्यातल्या लवूळच्या वानरांनी कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडांवर, छपरांवर नेली, तर सगळीकडे सूडकथा रंगल्या, मेलेल्या पिल्लांचे आकडे अडीचशेपर्यंत फुगवले गेले. शेवटी वनखात्याने दोन वानरं पकडली. सूड उगवणारी फौज कुठे निघाली नाही.

तेव्हा विनंती एवढीच की फोटोचा आणि त्या चौकटीचा खुलासा छापावा. पाचव्या पानावर छापलात तरी चालेल, फक्त सोबत वानराचा फोटो नको. पत्र लांबलं आहे, कापावं लागेल हे जाणते. कापायचं झालंच तर धारवाडचा परिच्छेद ठेवा, आमच्या सोसायटीचा काढा. सेक्रेटरी तुमचाच पेपर घेतात.

– एक खजिनदार, मुलुंड (पश्चिम)