ओट्यावर राहिलेला डबा

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

तू पहाटेच्या एसटीने गेलास आणि डबा ओट्यावरच राहिला. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी होती. दुपारी आम्ही दोघांनी ते खाल्ले, पण घशाखाली उतरेनात. फोनच करणार होते. पण फोनवर माझा आवाज चढतो आणि तू "बरं बरं" म्हणून ठेवून देतोस, म्हणून लिहिते आहे.

गौरी विसर्जनाच्या रात्री तुझ्या पॉडकास्टमधल्या लिंकवरच्या कमिशनला मी "दलाली" म्हणाले, ते म्हणायला नको होतं. मी स्वतः बत्तीस वर्षं दारोदार फिरून पोस्टाची आरडी, म्हणजे दरमहा हप्त्याची ठेव, गोळा केली, शंभराला चार रुपये कमिशनवर. त्याच चार-चार रुपयांतून तुझी इंजिनिअरिंगची फी गेली. कमिशनला नावं ठेवायचा मला काय अधिकार? चुकलं माझं.

पण बूट, सोनू.

त्या दिवशी सकाळी दारात केर काढताना तुझे बूट उचलले. उजव्याचा तळ पुढून उघडा पडलेला, आणि तू त्याला सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलेलं. आणि आदल्याच आठवड्यात पॉडकास्टवर मी तुझ्या तोंडून ऐकलं होतं, "हे बूट ओल्या कातळावरही पकड सोडत नाहीत, लिंक खाली दिली आहे." कुठले बूट? तुझ्या पायात तर हे होते.

तू म्हणालास, लोकांचे रिव्ह्यू वाचून सांगतो, सगळेच तसं करतात, आणि लिंकवरून घेतलं तरी ऐकणाऱ्याला एक रुपयाही जास्त पडत नाही. ते मला पटतं. माझं कमिशनसुद्धा कुणा बाईच्या हप्त्यातून जात नव्हतं, सरकार देत होतं. पण हप्ता माझ्या हातात पडायचा तो व्याजदर बघून नाही. मी दर महिन्याला त्याच तारखेला यायची, कार्डावर समोर सही करायची, म्हणून पडायचा.

एक गोष्ट तुला अर्धीच माहीत आहे. तू सहावीत होतास. एका पतसंस्थेचे लोक घरी आले होते. साडेबारा टक्के व्याज, आणि मी ठेवी आणल्या तर शेकड्याला एक रुपया मला. मी त्यांचा हिशेब कधी बघितला नव्हता. बोर्डावर मोठी नावं होती, तेवढं मला पुरलं. माझ्या आरडीच्या बायकांपैकी अकरा जणींनी तिथे पैसे ठेवले. दोन वर्षांत शटर खाली आलं. दत्त मंदिरामागच्या काकूंचे चाळीस हजार होते, त्यांच्या मुलीच्या लग्नाचे. मी माझे चारशे रुपये पाकिटात घालून त्यांच्याकडे गेले. त्यांनी पाकीट परत सरकवलं आणि नेहमीसारखा चहा ठेवला. एवढंच म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत म्हणून ठेवले हो." त्या चहाचा घोट मला आजही आठवतो.

म्हणून मी त्या रात्री ओरडले. बूट म्हणजे काही चाळीस हजार नव्हेत, कळतं मला. पण तुझे ऐकणारे पावसात कडे चढतात. कुणाचं तरी पोरगं "दादा म्हणाला" म्हणून ते बूट घालून निसरड्या कातळावर पाय टाकेल. तू त्यांना कधी बघणार नाहीस. मला निदान माझ्या अकरा जणींची दारं तरी माहीत होती.

झालं, पुन्हा तिथेच आले. हे लिहायचं नाही असं ठरवून बसले होते.

तुझा वसंतगडाचा एपिसोड बाबांनी तीनदा ऐकला. गच्चीवर इअरफोन लावून बसले होते. तळबीडच्या हंबीरराव मोहित्यांचं तू सांगत होतास आणि ते डोळे पुसत होते. मी वर आलेली त्यांना कळली नाही. लहानपणी ते तुला त्याच गडावर खांद्यावर घेऊन गेले होते, उतरताना तू झोपलास, आणि तुझी एक चप्पल वरच राहिली. दुसऱ्या दिवशी ते एकटे पुन्हा चढून ती चप्पल घेऊन आले. हे तुला त्यांनी कधी सांगितलं नसेल. परवा भाजी घेताना एक मुलगा दुसऱ्याला तुझ्या पॉडकास्टचं सांगत होता. मी गप्प उभी राहिले, मेथीची जुडी हातात धरून. माझा मुलगा आहे म्हणावंसं वाटलं, आणि आवाज फुटेना.

तू गेल्यावर मी शेजारच्या वहिनींच्या मुलीकडून सगळं नीट समजून घेतलं. अॅमेझॉनच्या लिंकवर कुणी टिचकी मारली की चोवीस तासांत त्याने जे घेतलं त्यावर तुला मिळतं. सुरुवातीच्या १८० दिवसांत तीन विक्र्या झाल्या नाहीत तर खातं बंद. म्हणून तू घाई करत होतास होय? मला सांगायचं होतंस. आणि तुझं ऐकणारा त्या वेळी स्कूटरवर असतो नाहीतर भांडी घासत असतो, तो लिंक कुठून दाबणार? रविवारी आठवण झाली तर बूट घेईल, पण तुझी लिंक शोधत बसणार नाही. त्यापेक्षा बूट किंवा सॅक बनवणाऱ्यांकडून तुझ्या नावाचा सवलतीचा कोड घ्यावा, असं ती मुलगी म्हणाली. तोंडाने सांगता येतो, लक्षातही राहतो. मला ते पटलं. आणि कमिशनवर सगळं घर उभं करू नकोस. २०११ च्या डिसेंबरपासून पीपीएफ या सरकारी बचत योजनेवरचं एजंटांचं कमिशन बंद झालं, तेव्हा आरडी होती म्हणून आपण तगलो. नोकरी सोडायचा विचार असेल तर आधी आमच्याशी बोल.

अजून एक. जाहिरातींच्या मानक परिषदेचे २०२१ पासूनचे नियम तिने वाचून दाखवले. नुसता आवाज असेल तर मोबदला मिळतो हे सुरुवातीला, शेवटी आणि मधल्या प्रत्येक ब्रेकच्या आधी-नंतर स्पष्ट सांगायचं. तू ते शेवटी, संगीत वाजत असताना, भरभर म्हणतोस. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक कायद्यात दहा लाखांपर्यंत दंड आहे. घाबरवत नाही रे. सुरुवातीलाच सरळ सांग, "या लिंकवरून घेतलंत तर मला थोडे पैसे मिळतात." लोक रागावत नाहीत. माझ्या बायकांना माझं कमिशन माहीत होतं, उलट "अजून एक खातं उघडते, तुम्हालाही होतील" म्हणायच्या.

भाषण झालं. माफ कर. तू आता मोठा आहेस, आणि तुझं काम माझ्यापेक्षा तुला कळतं.

माझी एक आरडी या महिन्यात पुरी झाली. त्यातले पाच हजार तुझ्या खात्यावर टाकलेत. तू सांगतोस तेच बूट घे. दुकानातून घे, स्वतःच्या लिंकवरून घेतलेलं धरत नाहीत म्हणे. अजून पाऊस आहे तोवर वसंतगडावर घालून जा, बाबा पायथ्यापर्यंत येतो म्हणतात. तळ टिकला तर पुढच्या एपिसोडमध्ये बिनधास्त सांग. नाही टिकला तर तेही सांग.

डबा धुऊन ठेवलाय. बुटाचा नंबर नऊच ना अजून?

तुझी,
आई