सी-सॉ सोडून बाकी काहीही

पुता,

काल बिमलीच्या पहिल्या ॲजिलिटी स्पर्धेवरून, म्हणजे त्या कुत्र्यांच्या अडथळ्यांच्या शर्यतीवरून, बोलणं झालं आणि तू फोन ठेवलास, तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय, व्हॉट्सॲपवर एवढं टाकलं की तू अर्धंच वाचतोस म्हणून ईमेल करते. भांडायला नाही लिहीत. "आई, तुला त्यातलं काय कळतं" म्हणालास, बरोबरच आहे, पण चार दिवस मी यूट्यूबवर तेच बघतेय, पपा म्हणतात कढी उतू गेली तरी हिला कुत्रीच दिसतायत.

तर स्पर्धेतल्या ॲजिलिटी क्लासमध्ये, म्हणजे त्या प्रकारात, ए-फ्रेम (ती उतरत्या छपरासारखी चढण), डॉग वॉक (उंचावरची अरुंद फळी) आणि ती सी-सॉ असते, जंपिंग क्लासमध्ये तिन्ही नाहीत, नुसत्या उड्या, टनेल आणि त्या काठ्यांमधून नागमोडी पळणं. मग पहिल्याच स्पर्धेत पाच एन्ट्री कशाला? ग्रेड 1 चे, म्हणजे नवख्यांचे, दोन जंपिंग भर की. "एवढ्या लांब जाणार तर सगळंच करून येतो" हा तुझ्या पपांचा हिशेब, शुक्रवारी म्हापशाला गेले की गरज नसताना चार किलो मिरच्या घेऊन येतात तसा.

बिमलीला 18 महिने होऊन गेले म्हणजे नियमात बसते, मिडीयम उंचीच्या कुत्र्यांची 400 मिलिमीटरची उडी तर ती सहज मारते, तो व्हिडिओ मी सुमनला, शेजारच्या वहिनीला, पाववाल्या पोदेरालासुद्धा दाखवला. पण वयात बसली म्हणून मनाने तयार झाली असं नसतं ना रे. सी-सॉची फळी धाडकन आदळली आणि ती टनेलमध्ये जाऊन बसली हे तूच सांगितलंस, हसत सांगितलंस. मला आपला भुरो कुत्रा आठवला. त्या नरकासुराच्या रात्रीच्या आवाजानंतर दोन दिवस खाटेखाली होता, भाजलेल्या बांगड्याचं डोकं नाकाशी धरलं तरी बाहेर आला नाही, नुसते कान थरथरत होते. पुढे कुकरची शिट्टी झाली तरी मागच्या दाराने पळायचा, मरेपर्यंत. आणि तिथे रिंगमध्ये खाऊ पण नेता येत नाही म्हणतोस. फळी जमिनीला टेकायच्या आत उतरली तर 5 फॉल्ट, ते लागू देत, मी फॉल्टचं बोलतच नाहीये.

बघ, परत सी-सॉवरच आले. लेक्चर झालं, सॉरी.

खरं सांगू? तू तिसरीत होतास. जत्रेतल्या स्पर्धेत मीच तुझं नाव तीन ठिकाणी घातलं, वेशभूषा, अभंग आणि वक्तृत्व, एकदा नटवलंय तर होऊन जाऊ दे म्हणून. अभंग काय सुंदर म्हणालास. वक्तृत्वाला तुकारामाच्या पागोट्यातच उभा राहिलास आणि चौथ्या वाक्याला थांबलास, उपरण्याचं टोक तोंडात धरून चघळत. कदंब बसमध्ये बसल्यापासून फोंड्याला उतरेपर्यंत मी बोलत होते, पाठ केलं नाहीस, पाठ केलं नाहीस. त्यानंतर तू कुठल्याच स्टेजवर चढला नाहीस. त्याबद्दल आपण कधी बोललोच नाही.

आता आपणहून लोकांसमोर पळणार म्हणतोस, मला किती बरं वाटलं ते काल सांगायचं राहूनच गेलं, आधी सी-सॉ काढली. स्विंडनला गेल्यावर पहिल्या डिसेंबरात तुझा आवाज कसा होता आणि बिमली आल्यापासून कसा आहे ते मला इथे कळतं. तिचं काही बिनसलं तर... जाऊ दे. तूच म्हणालेलास ना, 1978 ला क्रफ्ट्सच्या डॉग शोमध्ये हे सगळं मधल्या वेळेत लोकांची करमणूक म्हणून सुरू झालं? मग तुमची दोघांची पण करमणूक होऊ दे थोडी.

संध्याकाळी सहाला फोन कर, आमचे साडेदहा होतात, मी जागी असेन. पपा म्हणतात कुत्र्याशिवाय कोर्स चालून बघायला देतात तेव्हा नीट पाठ करून घे म्हणावं, चुकीच्या उडीवर गेलात तर थेट बाद. मी म्हटलं त्याला पाठांतराचं काही बोलू नका.

आई

ता.क. सी-सॉवाल्या क्लासची फी अजून भरली नाहीस ना?