बाई, तुमच्या नाटकाच्या तासाबद्दल

आदरणीय बाई,
साष्टांग नमस्कार.

बहुतेक शाळांत नाटक म्हणजे गॅदरिंगच्या आधीचे पंधरा दिवस. जी मुलं आधीच धीट असतात त्यांना भूमिका मिळतात, बाकीच्यांनी समोर बसून टाळ्या वाजवायच्या. तुम्ही मात्र आठवी-नववीला वर्षभर, वेळापत्रकातला तास धरून नाटक शिकवलंत, आणि वर्गातल्या एकूण एका मुलाला शिकवलंत. त्याचे आभार मानायचे राहूनच गेले होते. ते आज सगळ्यांसमोर मानते.

१८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' हे पहिलं मराठी नाटक केलं, हे सांगलीच्या मुलांना तोंडपाठ असतं. त्या सनावळीतून वर्गाच्या उपयोगाचं काढलंत ते तुम्ही. भाव्यांच्या खेळात पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं आपापली भाषणं आयत्या वेळी रचून बोलायची, एवढं सांगून तुम्ही आम्हालाही संहितेशिवाय उभं केलंत. प्रसंग तुमचा, वाक्यं आमची. पाठांतराच्या धाकानं गप्प राहणारी मुलं तिथे बोलायला लागली. समोरचा काय बोलेल ते माहीत नसल्यामुळे त्याचं ऐकण्यावाचून गत्यंतर नसे. नाटकानं बोलायला शिकवलं असं सगळे म्हणतात, पण ऐकायची सवय मला तरी तिथेच लागली.

महात्मा फुल्यांच्या १८५५ सालच्या 'तृतीय रत्न' नाटकातला, ग्रहांची भीती घालणारा जोशी (ज्योतिषी) आणि कुणब्याची बायको यांचा प्रवेश तुम्ही वर्गात करून घेतलात आणि मध्येच थांबवून भूमिकांची अदलाबदल करायला लावलीत. मघाशी ग्रहांची भीती रंगवून रंगवून घालणारा मुलगा आता तीच भीती समोरच्याकडून ऐकत होता. त्याचा आवाज खरोखरच उतरला. इतिहासाच्या पुस्तकातल्या चार ओळी हे करू शकल्या नसत्या. दहावीच्या तोंडावर नाटक कशाला, असं विचारणाऱ्या पालकांना तो तास बघायला बोलवायला हवं होतं.

मी रंगमंचावर रमणारी नव्हते. तुम्ही ते ओळखलंत आणि विंगेतलं प्रॉपर्टीचं, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तूंचं, टेबल माझ्या ताब्यात दिलंत. टेबलावर कागद अंथरायचा, एकेक वस्तू त्यावर ठेवून कडेनं पेन्सिल फिरवायची आणि आत नाव लिहायचं : कंदील, तांब्या, पत्र, काठी. वस्तू उचलली की तिची रिकामी आकृती मागे राहते. अंधारात, घाईगर्दीतही काय परत आलं नाही ते एका नजरेत कळतं. तिसऱ्या घंटेआधी मोजायचं, अंक संपला की पुन्हा मोजायचं. खेळ संपल्यावर तुम्ही नेपथ्य, रंगभूषा, प्रकाशयोजना सांभाळणाऱ्या मुलांनाही पुढे बोलावून नावानिशी ओळख करून द्यायचात. आपल्या कामावर कुणाची तरी एंट्री अवलंबून आहे, हे कळण्याचं याहून चांगलं वय नाही.

आज मी ऑपरेशन थिएटरमध्ये परिचारिका आहे. शस्त्रक्रियेआधी हत्यारं आणि गॉज मोठ्यानं मोजतो, टाके घालण्याआधी पुन्हा मोजतो. आकडा जुळला नाही तर सर्जन कितीही मोठे असोत, मी त्यांना थांबवते. तेवढा धीर आणि तेवढी शिस्त त्या टेबलानं दिली, असं मी मनापासून मानते. शाळेतलं नाटक नट घडवण्यासाठीच असतं असं कुणी म्हणालं की मला राहवत नाही.

नर्सिंगच्या नव्या मुलींना रुग्णाच्या नातेवाइकांशी कसं बोलायचं हे शिकवताना मी भूमिका करून घेते. एक नातेवाईक, एक परिचारिका, मग अदलाबदल. पद्धत सगळी तुमचीच. एखाद्या शनिवारी येऊन बघाल का? काय चुकतंय ते तुमच्याइतकं नेमकं कुणी सांगणार नाही. न्यायला मी स्वतः येईन.

आपली विद्यार्थिनी