पेन टाकून देऊ नका, आधी लूज कुठं आहे ते बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रस्ते, पाणी, सीमाप्रश्न सगळं सोडून हा माणूस पेनाबद्दल पत्र लिहितोय म्हणून हसू नका. मी उद्यमबागेच्या कारखान्यांत ३१ वर्षं लेथवर काढली, आता घरी बारकं लेथ मांडून लाकडाची पेनं करतो, विकायला नाही, हात गप्प बसत नाहीत म्हणून. गल्लीत हे कळलं आणि झालं भलतंच, माझ्याकडं पेन करून घ्यायला येणाऱ्यांपेक्षा दुसरीकडून घेतलेलं पेन दुरुस्तीला आणणारेच जास्त. गेल्या दिवाळीपासून ९ आली. त्यातल्या ७ जणांचं म्हणणं एकच, "काय ओ काका, वरचं नुसतं फिरूलालंय खरं रिफिल बाहेर येईना." आणि त्यातल्या चौघांनी घरीच फेविक्विक ओतून मग आणलेलं. ते बघून जीव हळहळला म्हणून हे लिहितोय.

ही पेनं कशी असतात ते थोडक्यात सांगतो. फिरवून उघडणाऱ्या बारीक पेनात लाकडाचे दोन तुकडे असतात, दोन्हीत ७ मिमीचं भोक आणि त्यात चिकटवलेली पितळी ट्यूब. खालच्या तुकड्याच्या एका टोकाला निब, म्हणजे रिफिलचं टोक जिथून डोकावतं तो निमुळता भाग, आणि दुसऱ्या टोकाला फिरवलं की रिफिल आत-बाहेर करणारं मेकॅनिझम, दोन्ही वाइसमध्ये, म्हणजे लोखंडी जबड्यांच्या पकडीत, दाबून बसवलेले. मेकॅनिझमचा अर्धा भाग बाहेर राहतो, त्यावर मधली रिंग येते आणि वरचा तुकडा क्लिप-टोपीसकट त्यावर सरकवायचा. म्हणजे एकाच मेकॅनिझमची दोन टोकं आणि दोघांची फिटिंग वेगळी. खालचं टोक प्रेस फिट, एकदा बसलं की हलायलाच नको. वरचं नुसतं घट्ट सरकणारं, कारण रिफिल बदलायला वरचा तुकडा हातानं निघायला पाहिजे. लोक काय करतात तर नेमकं वरच्याला गोंद लावतात आणि खालचं तसंच हलतं ठेवतात. रिफिल संपली की पेन कायमचं बंद.

म्हणून आधी लूज कुठं आहे ते शोधा. खालचा भाग धरून वरचा फिरवला आणि तो भसाभस फिरत राहिला, अटकाव लागलाच नाही, तर वरची फिटिंग गेली. लिहिताना कागदावर जोर दिला की टोक आत जातंय आणि मधल्या रिंगेपाशी फट पडतेय, तर मेकॅनिझम खालच्या ट्यूबमधून वर सरकतंय. वरचा तुकडा ओढला आणि त्याच्याबरोबर मेकॅनिझमच हातात आलं तरी दोष खालचाच. निब किंवा टोपी हलत असेल तर ते डोळ्याला दिसतंच.

वरचं लूज असेल तर औषध घरातच आहे, नेलपॉलिश. मेकॅनिझमचा जो भाग वरच्या ट्यूबमध्ये जातो त्याला एक पातळ कोट, फिरतो त्या सांध्यापासून लांब, आणि रात्रभर वाळू द्या. सकाळी घालून बघा, कमी वाटलं तर दुसरा कोट. घाई असेल तर नळाला गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप, एकच वेढा, ताणून. दोन वेढे घातले की ती आत गोळा होऊन बसते, मग चिमट्यानं उपसत बसा.

खालचं लूज असेल तर गोंदाआधी कानस घ्या. मेकॅनिझमचं पितळी टोक लाकडी फळीवर आडवं ठेवायचं, वरून कानस दाबून पुढं मागं लाटायचं, पोळी लाटतो तसं. पितळेवर बारीक चरे उठतात आणि तेवढ्यानं ते जरा जाड होतं. मग वाइसच्या दोन्ही जबड्यांना लाकडी चकती लावून सरळ दाबा. तिरकं दाबलं की ट्यूबचं तोंड पसरतं आणि पुढच्या वेळी आणखी लूज. माझ्या व्हर्नियर मापपट्टीवर ०.०२ मिमीपर्यंत मोजता येतं, त्यावर कधी कधी फरक दिसतसुद्धा नाही, खरं हाताला कळतो.

एवढं करूनही धरत नसेल तरच पातळ क्विक गम, म्हणजे फेविक्विकसारखा, तोही टूथपिकनं ट्यूबच्या आतून फिरवायचा आणि पूर्ण सुकू द्यायचा. ओला असताना काही बसवायचं नाही, इथंच सगळे चुकतात. आपल्याला चिकटवायचं नाहीय, भोक बारीक करायचंय. निब आणि टोपीला मात्र चिकटवलं तरी चालतं, ती काढायची नसतात. एपॉक्सीचा, म्हणजे दोन ट्यूबांतलं मिसळून लावतात त्या गोंदाचा, अगदी ठिपका पुरे, फक्त रिफिल आधी काढून ठेवा.

माझी स्वतःची चूक पण सांगतो. शहापुरात एक जुनं घर पाडलं, त्या घरच्या थोरल्या मुलीनं सागवानी तुळईचा हातभर तुकडा आणून दिला, त्यातून तिच्या वडिलांसाठी पेन केलं. खालचं जरा ढिलं वाटलं आणि मला, ३१ वर्षं फिटिंग बघितलेल्या माणसाला, आळस नडला. पातळ गमचा एक थेंब मेकॅनिझमला लावून दाबलं. पातळ गम दिव्याच्या वातीत तेल चढावं तसा फटीतून ओढला जातो, तो थेट फिरत्या सांध्यात गेला आणि मेकॅनिझम दगड झालं. वर त्याच्या वाफेनं चकचकीत निबवर पांढरी बुरशी आल्यासारखं झालं. दोन तास ड्रिलनं पितळ कोरून काढलं. लाकूड वाचलं, ते त्या तुळईचं पुण्य. असल्या वेळी नेलपॉलिश रिमूव्हर वापरायचा मोह होतो, त्यातल्या अॅसिटोननं गम सुटतो हे खरं आहे, पण लाकडावरचं पॉलिशही त्याच्याबरोबर जातं, आणि पेन अॅक्रिलिकचं, म्हणजे प्लॅस्टिकचं, असलं तर मग बघायलाच नको.

एक जण म्हणाला, पावसाळ्यात लाकूड फुगलं की आपोआप टाईट होईल. लाकडात लाकडाची खुंटी असती तर बरोबर होतं. गोकाकच्या किंवा आंबोली उतरून सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांत तसा सांधा असला तर तो पावसात आवळेल. इथं लाकडाच्या आत पितळ आणि पितळेत मेकॅनिझम, खानापूरचा पाऊस पडला काय आणि रायबागचं ऊन तापलं काय, त्या फिटिंगला फरक नाही.

आता पेन करणाऱ्या पोरांसाठी. हल्ली बरीच पोरं ऑनलाइन पेनाच्या पार्टांचं किट मागवून पेनं करतात, चांगलं आहे, खरं निम्मी लूज फिटिंग तुमच्या हातानं होते. ट्यूब चिकटवताना गोंद आत जातो, मग तो काढायला तुम्ही गोल कानस घालून ट्यूबच खरवडता. त्यापेक्षा बटाट्याची चकती कापा आणि ट्यूबचं टोक त्यात दाबा, बटाट्याचं बूच बसतं, गोंद आत जात नाही, नंतर तारेनं बूच ढकलून द्यायचं. एका किटची ट्यूब दुसऱ्या किटच्या पार्टला लावू नका, दिसायला सारख्या असल्या तरी आतलं माप थोडं इकडं तिकडं असतं. आणि ट्यूब चिकटवायच्या आधीच तिच्यात दाबून बसवायचा पार्ट तोंडाशी लावून बघा. हातानं जरा शिरला आणि पुढं वाइस लागला तर ठीक, हातानंच पूर्ण गेला तर ती ट्यूब बाजूला ठेवा.

घेणाऱ्यांनी एवढंच करा, पैसे द्यायच्या आधी पेन दहा वेळा उघडझाप करा आणि टोक टेबलावर दाबून बघा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.

हे लिहिता लिहिता दहावं पेन आलंय, वरचंच लूज. सूनबाईची लाल नेलपॉलिश लावून खिडकीत वाळत ठेवलंय, रंग आतच राहतो, दिसत नाही. ती बाटली मात्र आता माझ्या टूलबॉक्समध्येच असते, तिनं दुसरी आणली.

आपला,
एक निवृत्त टर्नर
अनगोळ, बेळगाव