जंबेरीचा रस आणि बारा बटेर

नागपूर, १२ डिसेंबर

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू अर्धं ऐकतोस आणि उरलेल्या अर्ध्याला "हो आई, कळलं" म्हणतोस. म्हणून लिहून ठेवतेय. वाचून झालं की कागद फ्रिजवर लावून ठेव, शनिवारी संध्याकाळी परत लागेल.

उद्या पहाटे मी आणि बाबा वरुडला निघतो. मामाच्या घरचं लग्न, तिथं ऐनवेळी पोचून चालत नाही. आणि नेमके त्याच शनिवारी तुझे साहेब बायकोला घेऊन जेवायला येणार. तू म्हणालास, हॉटेलातून मागवतो. मागवलं असतंस तरी कुणी नावं ठेवली नसती. पण हिवाळ्यात नागपूरच्या घरी आलेल्या माणसाला डब्यातलं पनीर वाढायचं, हे काही मला पटेना. सावजी मटन नको असं मीच म्हटलं. पहिल्याच भेटीत पाहुण्याच्या डोळ्या-नाकातून पाणी काढू नये. तेव्हा बटेर कर, संत्र्याच्या सॉसमधली. शनिवार आहे हे मला ठाऊक आहे. पाळू दे मला, पाहुण्यांना कशाला वार लावायचा!

मोमिनपुऱ्यातल्या आपल्या दुकानात बारा बटेर सांगून ठेवल्या आहेत, बाबांसाठी मागं ठेवायच्या दोन धरून सहा जणांना दोन-दोन. शनिवारी सकाळी जाऊन आण. आणताना एकच गोष्ट बघ, कातडी काढलेली नको. आपल्याकडं विचारल्याशिवाय सोलूनच देतात, कारण सगळ्यांना रश्शातच टाकायची असते. इथं कातडीच तर हवी. तीच भाजून कुरकुरीत होते आणि आतलं मांस सुकू देत नाही. साफ केलेली एकेक बटेर सव्वाशे ते दीडशे ग्रॅम भरते. त्याहून लहान दिली तर घेऊ नकोस.

साहेबांनी "ही रानातली का?" असं विचारलं तर हसून नाही म्हण. ही पाळलेली जपानी बटेर असते. माझ्या लहानपणी आजोबांकडं रानातले लावे आणि तितर यायचे, पण १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ते मारणं गुन्हा झालं. चवीत फरक आहे असं तुझे बाबा अजूनही म्हणतात. म्हणू देत.

आता मुद्द्याचं. ही डिश मी पहिल्यांदा केली ती बाबांच्या ऑफिसातले लोक घरी आले होते तेव्हा. तू नववीत होतास, तुला आठवत असेल. एका मासिकातलं कात्रण होतं. त्यात लिहिलं होतं, ऑरेंजचा रस आटवून निम्मा करा. आपल्याकडं ऑरेंज म्हणजे संत्रं, दुसरं काय? मी दोन डझन संत्री पिळली, मिक्सरमधून काढली, बियांसकट, आणि अर्धा तास आटवत बसले. वास काय सुटला होता! आणि चव? गुळवेलीचा काढा. वरून गोड. लोक बिचारे "वेगळंच आहे, वेगळंच आहे" म्हणत खात होते आणि बटेर सॉसमधून बाहेर ओढून कोपऱ्यात नेत होते. मी मांस खात नसल्यामुळं मला ते ताटं उचलताना कळलं.

कडू काहून झालं ते मामानं नंतर सांगितलं. तो रोपांसाठी अमरावती रोडवरच्या लिंबूवर्गीय फळांच्या संशोधन संस्थेत जात असतो, तिथं त्यानं ऐकलेलं. संत्र्याच्या बियांत आणि आतल्या पांढऱ्या पापुद्र्यात असं काही द्रव्य असतं की ते फळात असेपर्यंत कडू लागत नाही. रस काढला की त्याचं लिमोनिन होऊ लागतं, तेच कडू. रस तापवला की हे भराभर होतं. म्हणजे मी मिक्सर फिरवून आणि आटवून दोन्ही बाजूंनी चूक केली होती.

दुसरी चूक कात्रणाची. हा सॉस मुळात फ्रेंच लोकांचा, बदकासाठी केलेला, आणि त्यांनी घेतलेलं संत्रं कडू-आंबट जातीचं होतं. ते तसं कुणी खातही नाही, मुरंब्यातच जातं. आपलं संत्रं सैल सालीचं, सोलायला सोपं, आणि गोड. आत्ता आंबिया बहाराचं, म्हणजे हिवाळ्यातल्या फुलांचं, फळ आहे, त्यात थोडा तरी आंबटपणा असतो. फेब्रुवारीत मृग बहाराचं, म्हणजे पावसाळ्यातल्या फुलांचं, आलं की तेवढाही उरत नाही. नुसत्या संत्र्याचा सॉस केलास तर तो बटेरवर ओतलेला पाक होईल. आंबट दुसरीकडून आणावं लागतं. कात्रणवाली व्हिनेगर घालते. मीही दोन वर्षं घातलं. चालतं, पण घशात टोचतं आणि जेवणभर त्याचाच वास राहतो.

मग एकदा वरुडच्या बागेत मामा एका झाडाच्या बुंध्यावरून फुटलेला फोक कापत होता. तुला माहीत नसेल, तू बागेत फक्त फोटो काढायला जातोस. संत्र्याचं झाड आपल्या मुळावर उभं नसतं. खाली खुंट जंबेरीचा, म्हणजे लिंबाच्याच एका जातीचा, त्यावर संत्र्याचा डोळा भरून कलम केलेलं. डोळ्याच्या खालून फूट आली तर ती काढायची असते, नाहीतर जंबेरीच माजते आणि संत्रं मरतं. बांधावरच्या एका झाडाकडं कुणी लक्ष दिलं नव्हतं आणि त्याला जंबेऱ्या लागल्या होत्या, खडबडीत, पिवळ्या, मोठ्या लिंबाएवढ्या. मी एक फोडून जिभेला लावली. आंबट म्हणजे कानशिलं ताठ, पण वास लिंबाचा नाही. त्यात कुठंतरी संत्रं आहे. तेव्हापासून व्हिनेगर बंद. सहा जंबेऱ्या फ्रिजच्या दारात ठेवल्या आहेत. लोणच्याची लिंबं समजून बाईंना देऊन टाकू नकोस.

आता क्रमानं सांगते.

बटेर आणल्या की धू, पुसून कोरड्या कर. बारीक केसं राहिली असतील तर गॅसच्या ज्योतीवरून फिरव. मग पाठीवर झोपवून नको, पोटावर ठेव, आणि कात्रीनं पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी काप. कणा निघाला की उलटी करून छातीवर तळहातानं दाब, पुस्तकासारखी उघडते. अशी सपाट केली की सगळीकडून सारखी शिजते. कणे आणि माना टाकू नकोस, त्यांचंच पाणी काढायचं आहे. सगळ्या बाराला मिळून तीन सपाट छोटे चमचे मीठ आणि भरड कुटलेली मिरी चोळ, आणि ताटात पसरून फ्रिजमध्ये उघड्याच ठेव, चार-पाच तास. झाकलंस तर कातडी ओली राहील. आलं-लसूण लावू नकोस. हात शिवशिवतील, तरी नको.

कणे थोड्या तेलात चांगले तांबूस परत, त्यात एक कांदा, एक गाजर, लिटर-सव्वा लिटर पाणी, आणि दीड तास बारीक आचेवर. गाळून परत उकळ, एक मोठा कप उरेपर्यंत. आटवायचं आहे ते हे पाणी, संत्र्याचा रस नाही. एवढं एक लक्षात ठेवलंस तरी पत्राचं काम झालं.

सॉसला स्टीलचा छोटा गंज, म्हणजे पातेलं, घे, काळा नको, रंग दिसला पाहिजे. चार मोठे चमचे साखर, पाणी न घालता, मंद आचेवर. सराट्यानं ढवळू नकोस, गंजच धरून फिरव. आधी कडेनं विरघळेल, मग सोनेरी, मग कोऱ्या चहासारखी. तिथं थांबायचं, पुढच्या पाच-सहा सेकंदांत ती जळते आणि मग फेकून नव्यानं करण्याशिवाय इलाज नाही. जंबेरीचा अर्धी वाटी रस आधीच काढून जवळ ठेव आणि तोंड लांब ठेवून ओत. तडतडेल, साखर काचेसारखी आवळून बसेल. घाबरू नकोस, दोन मिनिटांत परत विरघळते.

इथं चाखून बघायचं. माझी चव इथवरच चालते, पुढं कण्यांचं पाणी पडलं की मी बाहेर. त्यामुळं इतकी वर्षं मी सगळा तोल या पायरीवरच सांभाळत आले. आंबट पुढं, गोड मागून, आणि शेवटी करपट साखरेचा जरासा कडवटपणा, असं लागलं पाहिजे. फक्त गोड लागलं तर अजून जंबेरी. पुढं संत्र्याचा रस पडणार आहे, तो गोडच आहे, तेव्हा इथं थोडं जास्तच आंबट असू दे.

मग कण्यांचं पाणी घाल आणि उकळत ठेव, चमच्याच्या पाठीवर बोटानं रेघ ओढली तर ती राहीपर्यंत. हे सगळं पाहुणे यायच्या आधी करून ठेवता येतं. पाच संत्री मात्र आयत्या वेळी सोलायची, बिया काढायच्या, आणि फोडी हातानं गाळणीवर दाबायच्या. मिक्सर काढशील तर मला वरुडला ऐकू येईल. वाटीभर रस निघतो. बटेर भाजून झाल्या की सॉस गरम कर, रस घाल, दोनच मिनिटं उकळ, गॅस बंद कर, आणि फ्रिजमधल्या थंड बटरचे पाच-सहा तुकडे टाकून गंज फिरव. चकाकी येते. बटर खारट असतं, म्हणून मीठ त्यानंतर. सालीच्या बारीक पट्ट्याही घालायच्या. आतलं पांढरं चमच्यानं खरवडून टाक आणि एकदा उकळत्या पाण्यातून काढून घे. हे साल खिसणीवर खिसलं जात नाही, सैल असतं, बोटंच खिसली जातात.

भाजणं सर्वांत सोपं आणि सर्वांत घातकी. ओव्हन २२० वर पंधरा मिनिटं आधी लाव. लोखंडी तव्यावर तेल कडक तापव, बटेर कातडीच्या बाजूनं ठेव, वरून छोटं झाकण दाबून धर, तीन मिनिटं. एका वेळी चारच, गर्दी केली की पाणी सुटतं. मग सगळ्या ट्रेमध्ये, कातडी वर, आठ ते दहा मिनिटं. आपल्या ओव्हनचा मागचा डावा कोपरा तापट आहे, मधे ट्रे फिरव. मांडीच्या सांध्यात सुरी टोचली की पाणी स्वच्छ यायला हवं. गुलाबी आलं तर अजून दोन मिनिटं. पण "राहू दे थोडा वेळ, चिकन आहे" असं करशील तर लाकूड खाशील. एवढासा जीव, त्याला पाच मिनिटं जास्त म्हणजे फार झाली. काढल्यावर झाकून पाच मिनिटं ठेव, मग वाढ. सॉस खाली पसर, बटेर वर. वरून ओतलास तर तव्यावर घेतलेली सगळी मेहनत भिजेल.

सोबत भंडाऱ्याचा चिन्नोर तांदूळ डब्यात आहे, साधा मोकळा भात, वर तूप. मटार परतून घे, आत्ताचे गोड आहेत. आलू कर किंवा नको करू. वरून सांभार, म्हणजे कोथिंबीर, शिंपडायचा मोह आवर. साहेबांच्या मिसेस खातात का, हे आजच फोन करून विचार. नसतील खात तर कण्यांचं पाणी घालायच्या आधी सॉस थोडा बाजूला काढ आणि तो भाजलेल्या मश्रूमवर दे. शेवटी गोडाला संत्रा बर्फी ठेवू नकोस, एकाच जेवणात दोनदा संत्रं म्हणजे नागपूरची जाहिरात होते. पेरू काप, बस.

आणि काटे-चमचे मांडले असतील तरी पहिली बटेर तू हातानं उचल. लोक तुझ्याकडं बघत असतात. बारीक हाडं, काट्यानं अर्धं मांस ताटात राहतं आणि संकोचानं कुणी हात लावत नाही. कोमट पाण्याच्या वाट्या ठेव, जंबेरीची एक चकती टाकून.

गॅसचं दुसरं सिलिंडर भरलेलं आहे, लायटर तिसऱ्या खणात. आम्ही रविवारी दुपारपर्यंत येऊ. दोन बटेर आणि थोडा सॉस बाबांसाठी झाकून ठेव. त्यात ते तर्री घालून खातील, तेव्हा तू तिथं नसलेलाच बरा.

तुझी,
आई