दोडका संध्याकाळी उमलतो

पुणे, रविवार

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "दोडक्याला फुलं रग्गड लागायलीत, पण धरंनात. औषध मारतो." मी बसमध्ये होते, धड बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र.

बाबा, पंप काढायच्या आधी फूल बघा. घोसानं येतात ती नर. मादी एकेकटी येते, तिच्या बुडाशी बोटाएवढं दोडकं असतं. नराचा पराग तिथवर पोचला नाही, तर ते दोडकं पिवळं पडून गळतं. हा पराग जड नि चिकट, वाऱ्यानं जात नाही. कुणीतरी अंगाला लावूनच न्यावा लागतो. लाल भोपळा पहाटे उमलून दुपारपर्यंत मिटतो, त्याच्याकडे सकाळीच माशा येतात. दोडका मात्र दिवस कलताना उमलतो, आणि पतंगसुद्धा तेव्हाच बाहेर पडतात. "औषध संध्याकाळी मारा," हा सल्ला लाल भोपळ्याला ठीक आहे. दोडक्याला तसं केलं, तर गिऱ्हाईक पायरीवर आल्यावर दुकानात धूर केल्यासारखं होईल.

गळलेलं दोडकं चिरून बघा. आत अळी असली तर ती फळमाशीची. तिच्यासाठी कामगंध सापळा, म्हणजे वासानं नर माश्या ओढून पकडणारा डबा, टांगायचा; तो मी गौरीला येताना आणते. अळी नसली तर सांजेला एक नर फूल खुडा, पाकळ्या काढा आणि मादीच्या मधोमध हलकेच टेकवा. पाच-सहा फुलांना करून बघा, दोरा बांधून खूण ठेवा.

आई, तुझ्याशी भांडण वेगळं आहे. परड्यातल्या वाशाची भोकं लिंपू नकोस. तो काळा भुंगा लाकूड पोखरतो हे खरं, पण तुझी वांगी त्याच्यावर खूश असतात. वांग्याचा पराग बारक्या नळ्यांत कोंडलेला असतो, टोकाला एवढंसं भोक. मधमाशीला तो काढता येत नाही. भुंगा फुलाला धरून अंग थरथरवतो, मग पराग भुरभुर गळतो. थोडी वांगी वाऱ्यानंही धरतात, पण भुंगा असला की जास्त. जुना वासा आहे, पोखरू दे.

बाबा म्हणतील, आमच्या भाताला कुठे माशी लागते? बरोबर आहे. भात आपला आपण फळतो, ऊस कांडीनं लावतो, रताळी वेलानं. जगातल्या 115 मुख्य अन्नपिकांपैकी 87 पिकांना कमी-जास्त प्रमाणात या जिवांची मदत लागते; पण वजनात पाहिलं तर ती पिकं साधारण 35 टक्केच. म्हणजे पोट भरेल हो. फक्त ताटात भातावर वाढायला काय उरेल ते आईला विचारा. आणि आपल्या खानापूरच्या काजूचा मोहोरसुद्धा माशा-मुंग्यांवाचून नीट धरत नाही.

दोरा बांधलेली फुलं धरली की गळली, ते गुरुवारी फोनवर सांगा. आई, गुडघ्याला तेल लाव.

तुमची
ताई